नऊ नंबरच्या स्क्रू गेजवरची पट्टी

दूध उतू जायला आणि दारावर थाप पडायला एकच गाठ पडली. मावशींनी एका हाताने गॅस बंद केला, दुसऱ्या हाताने ओट्यावर सांडलेल्या दुधावर फडकं टाकलं आणि तशाच ओल्या हाताने दाराकडे वळल्या. सकाळचे साडेसात वाजले होते. या वेळी त्यांचं दार वाजवणारं आता कोणी राहिलं नव्हतं. पेपर फटीतून आत सरकायचा, शेजारीण खिडकीतूनच हाक मारायची, आणि ज्याच्याकडे किल्ली होती तो थाप कशाला मारेल?

"आला का गं?" आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला. त्यांना एरवी मोठ्याने बोलल्याशिवाय ऐकू यायचं नाही, पण दार वाजलेलं बरोबर कळायचं. गेले दोन महिने दर थापेला त्यांचा हाच प्रश्न होता.

दारात एक मुलगी उभी होती. पाठीला सॅक, केस अजून ओले, छातीशी तपकिरी कागदाचं कव्हर घातलेल्या दोन जाड वह्या. मावशींनी तिला लगेच ओळखलं. दोन वर्षं ती त्यांच्या मुलाची प्रॅक्टिकलची पार्टनर होती. एकाने रीडिंग घ्यायचं, दुसऱ्याने लिहायचं, आणि दर वेळी लिहिणाऱ्याने घेणाऱ्याला शिव्या घालायच्या, असा त्या दोघांचा कारभार.

"मावशी, बसू का जरा? नऊला लेक्चर आहे, त्याआधी मला तुम्हाला एक दाखवायचंय."

"कोण आहे?" सासूबाई काठी टेकत बाहेर आल्या.

"त्याची पार्टनर आहे, आई!" मावशी मोठ्याने म्हणाल्या.

"पार्टनर? दुकान काढलंय का त्याने?" सासूबाईंनी मुलीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "काढलं असेल तर सांग बाई, निदान पत्ता तरी कळेल."

मुलगी हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले, म्हणून तिने वाकून चपला काढायचं निमित्त केलं.

मावशी भौतिकशास्त्र विभागात प्रयोगशाळा परिचर होत्या, एकोणीस वर्षं. नवरा गेला तेव्हा मुलगा दीड वर्षाचा होता. बारावी सायन्सच्या गुणपत्रिकेवर त्यांना ही नोकरी मिळाली. काम काय, तर कपाटातून उपकरणं काढून टेबलांवर मांडायची, दिवस संपला की मोजून परत ठेवायची, काचा पुसायच्या, तारा गुंडाळायच्या. पण कान उघडे असले की माणूस काय काय शिकतो! सर एकच प्रयोग वर्षाला सहा तुकड्यांना समजावून सांगायचे. सहाव्या वेळेला सर एखादी पायरी विसरले, तर मावशी फडकं झटकता झटकता हळूच म्हणायच्या, "सर, आधी झिरो एरर."

पोरांनी त्यांचं नाव ठेवलं होतं लीस्ट काउंट मावशी. लीस्ट काउंट म्हणजे उपकरणाला मोजता येणारं सगळ्यात लहान माप. नवा विद्यार्थी टेबलाशी आला रे आला की त्यांचा पहिला प्रश्न तोच असायचा: "लीस्ट काउंट काढलास का?" नाही म्हटलं की उपकरण परत कपाटात. एकदा एक आगाऊ मुलगा म्हणाला होता, "मावशी, तुमचा लीस्ट काउंट किती?" त्यावर त्या म्हणाल्या, "तुझी अक्कल मोजता येईल इतका बारीक नाही रे." ते वाक्य पुढे कितीतरी बॅचेस एकमेकांना सांगत राहिल्या.

त्यांची कामाची एक रीत होती. स्क्रू गेज, म्हणजे तारेची जाडी मोजायचं ते हातात मावणारं उपकरण, पूर्ण बंद केलं की त्याच्या फिरत्या मुठीवरचा शून्य समोरच्या रेघेवर यायला हवा. जुनी उपकरणं कुठली यायला. कुणी दोनावर थांबतं, कुणी चारावर. तेवढी चूक, म्हणजेच झिरो एरर, दर रीडिंगमधून वजा करायची असते. मावशींनी चोवीसच्या चोवीस गेज तपासून प्रत्येकावर पांढऱ्या चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा लावला होता, त्यावर बारीक अक्षरात आकडा. नवख्या पोरांचा गोंधळ व्हायचा नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी मात्र त्या सगळ्या पट्ट्या सोलून काढायच्या, कारण परीक्षेत तो आकडा ज्याचा त्याने शोधायचा असतो.

गेल्या सत्रात त्यांनी तेवीस पट्ट्या काढल्या.

चोविसावी का राहिली, हे त्यांनी स्वतःला हजार वेळा विचारलं. सासूबाईंना त्या दिवशी ताप होता, शेजारणीचा दोनदा फोन आला होता, तिसऱ्यांदा आला तेव्हा हातात आठ नंबरचा गेज होता. फोन ठेवून त्यांनी दहा नंबर उचलला असणार. एवढंच. आणि दुसऱ्या दिवशी परीक्षेत चिठ्ठ्यांच्या डब्यातून त्यांच्याच मुलाने नऊ नंबरचं टेबल उचललं.

बाहेरून आलेले परीक्षक फेरी मारत त्याच्या टेबलाशी आले, गेज उलटा करून पाहिला आणि तिथेच थांबले. आईने मांडलेलं टेबल, आईच्या अक्षरातली पट्टी, आणि समोर मुलगा. त्याची उत्तरपत्रिका आहे तशी काढून घेतली गेली.

संध्याकाळी विभागप्रमुखांच्या खोलीत तिघांची समिती बसली. मुलगा कोपऱ्यात मान खाली घालून उभा होता. परीक्षकांनी विचारलं, "पट्टी कशी राहिली?" मावशींनी मुलाकडे पाहिलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. लहानपणी खोटा आळ आला की व्हायच्या तशा. त्यांच्या मनात एकच हिशेब झाला. विसरले म्हटलं तर कोण विश्वास ठेवणार? दोघांनी मिळून केलं म्हणतील, पोराचं आयुष्य जाईल. त्यापेक्षा सगळं आपल्या अंगावर घेतलं की तो सुटेल.

"मी मुद्दाम ठेवली," त्या म्हणाल्या. "त्याला काही माहीत नाही."

परीक्षकांनी पेनला टोपण लावलं. "मग चर्चाच नको. मदत मिळाली, हे सिद्ध झालं. त्याने मागितली की नाही, याने फरक पडत नाही."

प्रॅक्टिकल रद्द झालं, त्याच्यामागे सत्रही. मावशींची बदली प्रयोगशाळेतून तळमजल्यावरच्या स्टोअरमध्ये झाली. प्रमुख सरांनी नंतर त्यांना जिन्यात गाठून सांगितलं, आणि ते न सांगते तर बरं झालं असतं. "मावशी, काय केलंत हे? विसरले एवढंच म्हणाल्या असतात तर दुसऱ्या दिवशी त्याची परीक्षा परत घेणार होतो मी. माझं ठरलं होतं."

त्या संध्याकाळी मायलेक घरी चालत आले. नेहमी तो दोन पावलं पुढे असायचा आणि कोपऱ्यावर थांबायचा. त्या दिवशी तो कुठेच थांबला नाही. घरात शिरल्यावर त्याने विचारलं, "आई, खरं सांग. मुद्दाम ठेवलीस?"

आपण नाही म्हटलं तर हा उठून समितीकडे जाईल, भांडेल, आणखी अडकेल, या भीतीने मावशी म्हणाल्या, "हो."

"म्हणजे तुला वाटलं, मला झिरो एररसुद्धा काढता येणार नाही."

तो ओरडला असता तर बरं होतं. तो हे अगदी हळू म्हणाला, जसं काही रीडिंग लिहून घेत होता. दहा दिवसांनी त्याने बॅग भरली. सहा तासांवरच्या गावात एका कुरिअरच्या गोदामात त्याला काम मिळालं होतं. बॅगेची चेन ओढताना मावशींनी शेवटी खरं ते सांगितलं, की मी विसरले होते रे, तुला सोडवायला खोटं बोलले. तो म्हणाला, "आता यातलं कुठलं खरं धरू, तूच सांग." त्यानंतर फोन उचलणं बंद झालं. महिन्यातून एकदा आजीच्या नावाने निरोप यायचा: मी बरा आहे.

मुलीने तपकिरी कव्हरच्या दोन वह्यांतली एक मावशींसमोर ठेवली. त्याची जर्नल. कव्हरवर त्याचं तिरकं अक्षर.

"काल ऑफिसमधून मागच्या सत्राच्या जर्नल परत मिळाल्या. आमच्या दोघांच्या एकत्र बांधलेल्या होत्या, म्हणून त्याचीही माझ्याकडे आली. रात्री... म्हणजे, सहज चाळली मी. आणि हे निघालं."

वहीच्या शेवटच्या पानात एक दुमडलेला कागद होता. परीक्षेतलं कच्चं पान. टेबलावरचं सगळं गोळा करताना कुणीतरी ते जर्नलमध्ये कोंबलं असणार आणि मग तिकडे कुणी पाहिलंच नसणार. वरच्या कोपऱ्यात लिहिलं होतं: झिरो एरर पाच. तीनदा पाहिलं. आणि 'तीनदा'खाली दोन रेघा.

"पट्टीवर किती होतं, मावशी?"

मावशींचा हात कागदावर तसाच राहिला. "चार," त्या म्हणाल्या.

"मग? चार लिहिलेलं समोर असताना कोणी पाच कशाला लिहील? त्याने पट्टी पाहिलीच नव्हती, मावशी. पट्टी मागच्या बाजूला होती, त्याने गेज उलटाच केला नव्हता. आणि मला सांगा, तो टेबलाची चिठ्ठी उचलणार आणि नऊच नंबर येणार, हे तुम्हाला आधी कसं कळणार होतं? हे कोणीच विचारलं नाही! मलाही दोन महिन्यांनी सुचतंय. मीपण त्याला म्हटलं होतं, आईने केलं तर केलं, एवढं काय मनावर घेतोस." तिने दुसरी वही मांडीवर ओढली. "मलापण वाटलं होतं, मावशी. की तुम्ही ठेवली आणि त्याने पाहिली."

"पण पाच कसे येतील? मी स्वतः चार लावलं होतं." मावशी स्वतःशीच बोलत होत्या. आणि मग त्यांना आठवलं. परीक्षेच्या आठवडाभर आधी पहिल्या वर्षाच्या एका पोराच्या हातून नऊ नंबर फरशीवर पडला होता. त्यांनी तो उचलला, पुसला, पोराला दोन शब्द सुनावले आणि ठेवून दिला. परत तपासला नाही. एकोणीस वर्षं जगाला आधी झिरो एरर, आधी झिरो एरर म्हणून भंडावून सोडणाऱ्या बाईने तपासला नाही.

"काय म्हणतोय तो?" सासूबाईंनी कागदाकडे बोट दाखवलं.

"पाच म्हणतोय," मावशी त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाल्या.

"पाचला येतोय?" सासूबाईंचा चेहरा उजळला. मावशींनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि पदर खोचला. "चल पोरी. नऊच्या आत पोचू."

विभागात सत्राचा पहिला आठवडा ऐन रंगात होता. सूचना फलकासमोर नव्या पोरांची ही गर्दी, आपलं नाव कुठल्या बॅचमध्ये आहे ते बोटाने शोधत, आणि शोधता शोधता दुसऱ्याच्या पायावर पाय देत. ऑफिसच्या खिडकीपाशी फॉर्मची रांग. जिन्याखाली तिसऱ्या वर्षाची दोन मुलं जुनी पुस्तकं विकत होती, एक जण गिऱ्हाईकाला पटवत होता, "अरे, महत्त्वाचं तेवढं मी अधोरेखित केलंय." त्यावर दुसरा म्हणाला, "आणि दोनदा नापास झालाय. एवढ्या अनुभवाचं पुस्तक तुला कुठे मिळणार?" व्हरांड्यात एक मुलगी फोनवर आईला सांगत होती की हो, खोली मिळाली, हो, पंखा आहे, नाही, अजून चालू करून पाहिला नाही.

"लीस्ट काउंट मावशी!" कुणीतरी हाक मारली. "यंदा आमच्या लॅबला नाही का तुम्ही?"

"खाली असते मी आता. तू कपाटातलं काही फोडलंस की वर येईन हं."

फलकाच्या डाव्या कोपऱ्यात वेगळा कागद होता: पुन्हा सत्र करणाऱ्यांची नोंदणी शनिवारपर्यंत. त्यानंतर नोंद न केलेल्यांची नावं पटावरून कमी केली जातील. खाली चार नावं, तिघांसमोर टिक. चौथं नाव मावशींनी वाचलं नाही. गेले तीन दिवस त्या येता-जाता तो कोपरा टाळत होत्या. आज गुरुवार होता.

नऊ नंबरचा गेज स्टोअरमध्येच होता. चौकशीनंतर तो एका पाकिटात घालून परत आला होता, आणि मावशींनी तो सगळ्यात आतल्या कप्प्यात ढकलला होता. त्यांनी पाकीट उघडलं. पट्टी अजून होती, कडेने जराशी मळलेली. त्यांनी ती काढली नाही. गेज दिव्याखाली धरला आणि मागची मूठ दोन बोटांनी हळूहळू फिरवत नेली. टक, टक, टक असा तीनदा आवाज आला, म्हणजे पूर्ण बंद. त्यांनी डोळा जवळ नेला.

पाच.

त्यांनी उघडला, परत बंद केला. पाच. मुलीकडे दिला. मुलगी म्हणाली, "पाच." तिसऱ्यांदा मावशींना आकडा दिसेना. चष्मा काढून पुसला तरी दिसेना, तेव्हा त्यांनी गेज खाली ठेवला आणि खुर्चीवर बसून तोंडात पदर धरला. मुलगी शेजारी उभी राहिली. तिला काय करावं सुचलं नाही, म्हणून ती कपाटातल्या तारांची वेटोळी सरळ करत राहिली. नऊची घंटा झाली.

"जा तू, लेक्चर बुडेल."

"बुडू दे."

"जा म्हणते ना. दोघांपैकी एकाने तरी नोट्स घ्यायला नकोत?"

मुलगी गेली तेव्हा मावशींनी तोंड धुतलं, गेज आणि कागद घेतला आणि दोन मजले चढून प्रमुख सरांच्या खोलीशी गेल्या. सर तेवीस मुलांच्या अर्जांवर सह्या करत होते. कधी काळी ते याच विभागात विद्यार्थी होते, आणि तारेला इतकं आवळायचे की तार चपटी व्हायची. "मूठ बोटांनी फिरवायची, मनगटाने नाही," हे मावशींनीच त्यांना शिकवलं होतं, आणि तेव्हा त्यांना सर नाही, बाळा म्हटलं होतं.

"या मावशी. बसा."

त्या बसल्या नाहीत. गेज टेबलावर ठेवला, शेजारी कागद उलगडला. "एकदा बंद करून बघा."

सरांनी पट्टी पाहिली. कागद पाहिला. मग बोटांनी, मनगटाने नाही, मूठ फिरवली. टक, टक, टक. त्यांनी आकडा वाचला: पाच. मग ड्रॉवरमधून कॅल्क्युलेटर काढून त्यांनी कच्च्या पानावरची आकडेमोड करून पाहिली. या प्रयोगात तारेच्या जाडीतली बारीकशी चूक शेवटच्या उत्तरात चौपट होऊन येते. चार धरून उत्तर भलतंच यायचं. पाच धरून अगदी हवं तिथे.

"त्याने बरोबर केलं होतं," सर म्हणाले.

"हो."

"उत्तरपत्रिका आम्ही उघडलीच नाही. पट्टी दिसली, तुम्ही कबूल केलंत, तिथेच..." त्यांनी कॅल्क्युलेटर बंद केला. "मावशी, निकाल लागून गेलाय. विद्यापीठात वर कळवून झालंय. मी पत्र लिहीन, पण खोटं आश्वासन देणार नाही. ते सत्र त्याला परत करावंच लागेल, असं मला वाटतं."

"मला कळतं ते."

"आणि तुम्ही तेव्हा खोटं बोललात, हेही मला त्यात लिहावं लागेल."

"लिहा ना. मी सही करते."

दाराशी एक नवा विद्यार्थी फॉर्म घेऊन घुटमळत होता. सरांनी त्याला हातानेच थांबायची खूण केली. मावशींनी गेज पाकिटात घातला, पाकीट परत टेबलावर ठेवलं. त्यांचा आवाज आता सरळ झाला होता, उपकरणांची यादी वाचून दाखवताना असायचा तसा.

"सर, मार्कांसाठी नाही आले मी. माझी बदलीही असू दे. शनिवारपर्यंत त्याने यायला हवं, नाहीतर पटावरून नाव जाईल. मी सांगितलं तर तो आता कशावरच विश्वास ठेवणार नाही. तुम्ही एकदा त्याला फोन कराल का? पाच बरोबर होतं, एवढंच सांगा. माझा फोन तो उचलत नाही."